झिऱ्यावरची टाचणी

मंचरच्या बाजारात बटाटे निवडत होते, तर शेजारच्या गाळ्यावरून आवाज आला, "मॅडम, पेपरात वाचलं. तुमी नवीन मच्छर शोधला म्हणं."

"मच्छर नाही, टाचणी," मी म्हणाले. "चतुर असतो ना पाण्यावर उडणारा, त्याची बारीक बहीण."

"बरं, टाचणी. चावती का?"

"नाही."

"पिकाला काय करती?"

"काही नाही."

तो माणूस जरा विचारात पडला. मग अगदी आपुलकीनं म्हणाला, "मंग तिचं आता करायचं काय?"

मी हसून बटाटे तोलायला दिले. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला, कारण त्या वेळी तोच प्रश्न मलाही पडलेला होता आणि त्यामुळे मला एका जागी बसवत नव्हतं.

माझी सगळी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. पण या भागात मला शिक्षिका म्हणून थोडे लोक ओळखतात, 'किड्याच्या मॅडम' म्हणून जास्त. पिकावर अनोळखी काही दिसलं की लोक ते बाटलीत घालून माझ्याकडे आणत. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, चुन्याच्या डब्या, एकदा तर चक्क जेवणाचा डबा, वरच्या कप्प्यात किडे आणि खालच्या कप्प्यात भाजी. आळ्याचा एक शेतकरी भर पावसात एसटीनं आला, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर डबी उघडली, तर डबी रिकामी. किडा वाटेत गाडीतच उतरला होता. मग त्यानं तो हातवारे करून सांगायला सुरुवात केली. "एवढा व्हता. पन लई रागीट." रागावरून किडा ओळखता येत नाही, हे त्याला पटवायला वेळ लागला.

सगळ्यांची मागणी एकच असे. नाव सांगा न् औषध सांगा. नावाला किंमत आहे ती इथेच. एका द्राक्षवाल्यानं वेलीवर काळ्या, काटेरी, भुताटकीसारख्या अळ्या पाहिल्या आणि फवारणीची सगळी तयारी करून, जाता जाता मला विचारायला आला. त्या लेडीबर्ड भुंग्याच्या अळ्या होत्या. त्याच्या द्राक्षांवरचे पिठ्या ढेकूण त्याच खात होत्या. फवारणी थांबली. नाव चुकलं की औषध चुकतं, हे मी वर्गात ओरडून सांगत असे, पण त्या द्राक्षवाल्याला जितकं कळलं तितकं माझ्या एकाही वर्गाला कळलं नसेल.

तर असं आयुष्यभर कुणाच्या तरी बाटलीतल्या प्राण्याला नाव देत आले. ती नावं आधीच ठेवलेली असायची, मी फक्त ओळखायची. नाव नसलेला प्राणी समोर आला तो निवृत्तीनंतर.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, रस्ता जिथे संपतो तिथून चढून गेलं की एक लहानशी वाडी लागते. वाडीचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण ओघात येईल. तिथल्या हिराबाईंच्या भातावर पानं गुंडाळणारी अळी पडली होती, म्हणून मी आणि उज्ज्वला गेलो होतो. उज्ज्वला माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तिचं घर आळेफाट्याजवळचं, मेंढपाळाचं. लहानपणी वडिलांच्या मेंढरांमागे फिरलेली. तिच्यात एक गुण आहे जो माझ्यात कधीच आला नाही. ती तासन्‌तास एका जागी उभी राहू शकते.

हिराबाई माझ्याच वयाच्या. चार खाचरं, एक म्हैस, बांधावर हिरड्याची झाडं. खाचराच्या वरच्या टोकाला जांभळीच्या दाट सावलीत त्यांचा झिरा होता. झिरा म्हणजे कातळाच्या फटीतून पाझरणारं पाणी साठावं म्हणून केलेला खड्डा. त्यातलं ओसंडलेलं पाणी शेवाळलेल्या दगडांवरून एका वीतभर रुंद ओहोळानं खाचराकडे जायचं. अळीचं काम झाल्यावर त्यांनी आम्हाला तिथेच बसवून नाचणीची भाकरी आणि ठेचा दिला.

भाकरी खाताना उज्ज्वला हळूच म्हणाली, "मॅडम, हलू नका. तुमच्या उजव्या हाताला."

फांदीच्या टोकाला सुईएवढी एक काळी रेघ लटकत होती. नीट पाहिल्यावर कळलं, टाचणी आहे. चतुर बसताना पंख पसरून बसतो, टाचणी ते पाठीवर मिटून घेते. सावलीत राहणाऱ्या टाचण्या या भागात आहेत, त्या मी पाहिलेल्या होत्या. मी नाव सांगून टाकलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

उज्ज्वला कॅमेऱ्यातून पाहत होती. "तिच्या शेपटीवरचा पांढरा पट्टा एवढा मोठा असतो का हो?"

"रंगावर जाऊ नको. वयाप्रमाणे बदलतो."

"आणि चिमटा?"

मी भाकरी खाली ठेवली.

हा चिमटा म्हणजे आमच्या धंद्याची किल्ली. टाचणीच्या नराच्या शेपटीच्या टोकाला अगदी बारीक चिमटे असतात. जुगताना नर त्यांनी मादीची मान धरतो. प्रत्येक जातीचा चिमटा वेगळ्या घडणीचा, आणि तो त्याच जातीच्या मादीच्या मानेवर नेमका बसतो. रंग फसवतो, आकार फसवतो, चिमटा सहसा फसवत नाही. उज्ज्वलाच्या फोटोत खालच्या चिमट्याचं टोक दुभंगलेलं दिसत होतं, सापाच्या जिभेसारखं. मी ज्या जातीचं नाव घेतलं होतं तिचा चिमटा सरळ असतो.

पण फोटो हा पुरावा नव्हे. नवी जात आहे असं म्हणायचं तर प्राणी हातात हवा, सूक्ष्मदर्शकाखाली हवा, आणि पकडायला परवानगी हवी. आमच्याकडे काहीच नव्हतं. भाद्रपद संपत आला होता. पाऊस सरला की या टाचण्याही संपतात. मागे राहतात पाण्यात वाढणारी त्यांची पिल्लं, ती पुढच्या पावसात बाहेर येतात. म्हणजे आता वाट पाहायची ती पुढच्या पावसाळ्याची.

तो हिवाळा आणि उन्हाळा मी कसा काढला ते घरच्यांना विचारावं. सकाळी उठले की फोटो उघडून चिमटा पाहायचा. कधी तो दुभंगलेला दिसे, कधी वाटे की नुसती सावली पडली आहे. "घरात नांगर चालवायला निघाल्यासारखी फिरतेस," असं आमचे हे म्हणायचे. त्यात एक दिवस फोनवरच्या कीटकप्रेमींच्या गटात कुणीतरी नाणेघाटाकडचा एक अस्पष्ट फोटो टाकला. सडपातळ काळी टाचणी, शेपटीला पांढरं. खाली लिहिलेलं, "ही कोणती?"  आता कुणीतरी आधी पकडेल, आधी लिहील. मी त्या गटात एरवी सगळ्यांना उत्तरं देते, त्या दिवशी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्याच माणसानं स्पष्ट फोटो टाकला. नेहमीचीच जात होती. मी लगेच नाव कळवलं आणि उज्ज्वलाला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही आधी चहा घ्या."

परवानगीसाठी वनखात्याच्या एका कार्यालयात खेटे घातले. आमच्या भागात वनखातं म्हणजे बिबट्या. मी गेले त्या प्रत्येक वेळी कुठल्या तरी उसात पिल्लं सापडलेली असत नाही तर कुणाची शेळी गेलेली असे, आणि सगळं कार्यालय पिंजरा घेऊन बाहेर. एकटे कारकून जागेवर. त्यांनी माझा अर्ज उलटसुलट वाचला. "मॅडम, बिबट्याचं असतं तर कुठं लावायचं ते मला ठाव हाय. टाचणीला आपल्याकडं जागाच न्हाई."

"मग आता?"

"थांबा, करतो कायतरी." त्यांनी अर्ज 'इतर' मध्ये घातला, आणि पुढे स्वतःच पाठपुरावा केला. पावसाळा सुरू होण्याआधी परवानगी हातात आली. त्यांनी फोन करून सांगितलं आणि वर विचारलं, "सापडली का मंग ती?"

पाऊस जरा उघडल्यावर आम्ही दोघी पुन्हा वाडीवर गेलो. चढणीवरच निळ्या पाइपांचा ढीग दिसला. पुढे वाटेच्या कडेनं चर खणलेला. मी भराभर चढले. झिऱ्याच्या बाजूला खडी, वाळू आणि सिमेंटची पोती रचलेली होती. झिरा अजून तसाच होता, ओहोळही वाहत होता, पण कातळावर चुन्यानं चौकोन आखलेला होता.

हिराबाई खाचरातून हात धुऊन आल्या. चेहरा उजळलेला. "आवो, नळ यायचा आमाला. हितं टाकी बांधनार, न् पाणी दारात."

मी त्या चुन्याच्या चौकोनाकडेच पाहत होते. त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. उन्हाळ्यात झिऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरावं लागतं. पहाटे आलं तर एक हंडा मिळतो, उशीर झाला तर खालच्या धरणापर्यंत उतरायचं आणि भरलेला हंडा घेऊन चढायचं. "मागल्या साली सून घसरली त्या उतारावर. पाय मोडला. घोडेगावला न्हेऊस्तवर झोळीत वरडत व्हती. अजून लंगडती."

सून घराच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहून हात केला.

त्या दिवशी आम्ही टाचण्या पकडल्या. दोन नर आणि एक मादी. इथे मला एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण बाहेरच्यांना ती माहीत नसते. नव्या जातीचं वर्णन करायचं तर तिच्यातले काही जीव मारावे लागतात. मेल्यावर टाचणीचा रंग काही तासांत उडतो. म्हणून आधी तिला कागदी पाकिटात जिवंत ठेवायचं, पोट रिकामं होऊ द्यायचं, मग ॲसिटोनमध्ये बुडवायचं. हे हात आयुष्यभर हेच करत आलेत.

हिराबाई पाहत होत्या. "मारता व्हय?"

"हो."

"मंग नाव कुनाचं ठिवणार, मेलेलीचं?"

मी त्यांना सांगितलं की एक नमुना कायमचा संग्रहालयात ठेवतात. जगात कुणालाही शंका आली की ही तीच का, तर त्या नमुन्याशी ताडून पाहायचं. नाव सगळ्या जातीचं, पण बांधलेलं असतं त्या एकीशी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी एकीनं सगळ्यांसाठी जायचं." मग म्हशीकडे गेल्या.

उतरताना मी उज्ज्वलाला म्हणाले, "लेखी हरकत घेऊ या. जागा बदलता येईल. निदान काम वर्षभर थांबेल, नव्या जातीवरचा आपला लेख छापून येईपर्यंत."

ती चालत राहिली. मी पुन्हा म्हणाले.

"मॅडम," ती थांबून म्हणाली, "माझी आई मेंढरांमागं पाण्याच्या हंड्यासकट चाललेली आहे. कडेवर मी. तुम्ही हरकत घ्या. मी सही करणार नाही."

"मग ही जात संपली तर चालेल?"

"नाही चालणार. पण ते त्या सुनेला सांगायला मी जाणार नाही. तुम्ही जाल?"

मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्त आला. मंचरपर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही. रस्त्यावर कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे तो अबोला फारच लांबला. हरकत काही मी घेतली नाही.

घरी मी सूक्ष्मदर्शकाखाली चिमटा ठेवला. दुभंगलेलाच होता. दोन्ही नरांचा. मादीच्या मानेची घडणही वेगळी. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा बसले, पुन्हा पाहिलं. पुढचे काही महिने आम्ही जुनी वर्णनं आणली, दूरच्या संग्रहालयातल्या नमुन्यांचे फोटो मागवले, पंखांतल्या शिरा ताडून पाहिल्या, रेखाचित्रं काढली. चित्र काढताना हात स्थिर लागतो आणि मन त्याहून. माझं मन झिऱ्यावर. बांधकाम कुठवर आलं असेल, ओहोळ आहे का. उज्ज्वलाशी बोलणं सुरू झालं होतं, पण दोघीही पाण्याचा विषय काढत नव्हतो.

लेख पाठवला. तपासणाऱ्या जाणकारांचं उत्तर आलं. जात नवी दिसते, पण मादी एकच आहे. आणखी माद्या पाहून लिहावं.

म्हणून पुढच्या श्रावणात आम्ही पुन्हा वर गेलो. झिऱ्याच्या जागी सिमेंटची चौकोनी टाकी होती, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. कातळ सगळा टाकीच्या पोटात गेला होता. जिथे ओहोळ होता तिथे सुकलेलं शेवाळ दगडांना चिकटलेलं, हात लावला की पापुद्र्यासारखं निघत होतं. भर श्रावणात. टाकी भरल्यावर उरलेलं पाणी एका पाइपानं थेट खाली, रस्त्याकडच्या गटारात सोडलेलं होतं. उज्ज्वला दुपार होईपर्यंत त्या जांभळीखाली उभी राहिली. एकही टाचणी दिसली नाही. पिल्लं पाण्यात वर्षभर वाढतात, आणि त्या उन्हाळ्यात तिथे पाणीच नव्हतं.

हिराबाईंनी नळ सोडून दाखवला. सुनेनं त्याच पाण्याचा चहा केला. चहा चांगला होता.

"तुमच्या त्या न्हाई दिसत," हिराबाई म्हणाल्या.

"नाही."

"आमच्यापायी गेल्या."

"तसं म्हणू नका," मी म्हणाले.

वाट सापडली ती उज्ज्वलाच्या एका ओळखीतून. अवसरीच्या एका मास्तरांना, स्थापत्य शिकवणाऱ्या, तिनं टाकीचे फोटो दाखवले. त्यांनी विचारलं, "जादा पाणी गटारात का सोडलंय? टाकी भरली की ते ओहोळातच सोडायचं. एक बेंड आणि थोडा पाइप. नळाच्या पाण्याला धक्का लागत नाही." इतकी साधी गोष्ट. मी चिमट्याच्या टोकाकडे पाहण्यात इतकी गढले होते की पाइपाच्या टोकाकडे पाहिलं नव्हतं.

देवळाच्या ओट्यावर बैठक झाली. सरपंचांनी आमचं ऐकून घेतलं. तरणा, समजूतदार माणूस. "मॅडम, आमी काय त्या माशीच्या इरोधात न्हाई. पन आज पाइप फिरवला, उद्या कोनी म्हनंल माशीसाठी टाकीच फोडा. मंग?"

"तसं कुणी म्हणणार नाही."

"तुमी म्हननार न्हाई. तुमच्यामागनं यील त्याचं काय?"

त्यांची भीती खोटी नव्हती. वाडीला लागून अभयारण्य. बाहेरून आलेल्या माणसांनी काय काय बंद केलं ते त्यांना पाठ होतं. मी टाचणीबद्दल आणखी बोलायला लागले आणि माझं मलाच जाणवलं की मी वर्गात बोलल्यासारखी बोलते आहे. ओट्यावर चुळबुळ सुरू झाली.

तेव्हा हिराबाई बोलल्या. उभ्या नाही राहिल्या, बसल्या जागेवरूनच. "माशीचं ऱ्हाऊ द्या. माझ्या वरच्या खाचराला तेच पाणी जायचं. औंदा रोप पिवळं पडलंय. गटारात सोडल्यालं पाणी कुनाच्या कामाचं? रस्ता भिजवायचा का?"

कुणीतरी हसलं. सरपंच म्हणाले, "आदी का न्हाई बोललात, काकू?"

"नळ यायचा व्हता. त्यात कुठं मधी बोलायचं?"

दोन दिवसांत वाडीतल्या माणसांनी उरलेल्या पाइपाचा तुकडा लावून पाणी ओहोळात वळवलं. टाचणीसाठी नाही, भातासाठी. मला त्याचं काही वाटलं नाही. मी वाकून दगडावरून जाणाऱ्या पाण्यात हात घातला.

लेख त्या एकाच मादीवर स्वीकारला गेला, अधिक अभ्यास हवा असं एक वाक्य घालून. नावाचा प्रश्न आला तेव्हा गंमत झाली. कुठून कळलं कोण जाणे, मंचरचे एक पुढारी घरी आले, सोबत पेढे आणि दोन कार्यकर्ते. त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव टाचणीला द्यावं अशी त्यांची इच्छा. वडील पाटबंधाऱ्याच्या कामात होते, पाण्याचा प्राणी आहे, शोभेल. मी विचारलं, "प्राणी केवढा आहे माहीत आहे का?" फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. "मॅडम, वडील अंगानं थोराड व्हते," असं म्हणून त्यांनी विषय सोडला. पेढे मात्र ठेवून गेले.

नावात आम्ही 'झिरा' हा शब्द घातला. वाडीचं नाव मुद्दाम घातलं नाही, लेखातही नेमकी जागा दिली नाही, तालुक्यापर्यंतच थांबलो. बातमी आल्यावर मोठमोठे कॅमेरे घेतलेल्या लोकांचे फोन सुरू झाले. त्या ओहोळावर दहा माणसं एका सकाळी उतरली असती तर उरलेलं शेवाळही गेलं असतं. एकानं तर "मी तुमचा जुना विद्यार्थी" म्हणून जागा विचारली. प्राणिशास्त्राचा वर्ग कुठल्या मजल्यावर होता, एवढंच मी विचारलं. फोन कट झाला.

लोकांनी सत्कार केले. शाल मिळाली, नारळ मिळाला. भाषणात सगळे म्हणायचे, "आपल्या तालुक्याची शान." मी खुर्चीवर बसून आकडेमोड करत असायची की अंडी घातली असतील तर कधी, पिल्लं असतील तर केवढी. कारण त्या पावसाळ्यात आम्ही तीनदा वर गेलो होतो आणि काहीच दिसलं नव्हतं. आजूबाजूचे ओहोळ पाहिले. नेहमीच्या टाचण्या होत्या, सरळ चिमट्याच्या. आमची नव्हती. नाव छापून आलं होतं आणि ज्याचं नाव, ते कुठे आहे याचा पत्ता नव्हता. सत्काराला हार घालून घेताना आपण तेराव्याला आलो आहोत असं वाटायचं, पण हे कुणापाशी बोलणार?

यंदा आषाढ सरता सरता आम्ही पुन्हा गेलो. गुडघ्यांमुळे मला चढायला दुप्पट वेळ लागतो. उज्ज्वला पुढे गेली होती. मी पोचले तेव्हा ती ओहोळाच्या कडेला उकिडवी बसली होती, आणि तिनं मागे न पाहता नुसता हात वर करून मला थांबवलं.

पाण्याच्या वर बोटभर अंतरावर, शेवाळाच्या दगडाला एक रिकामी कात चिकटलेली होती. पिल्लू पाण्यातून वर येतं, पाठ उलते, त्यातून टाचणी निघते, ती कात मागे राहते. तिच्या जरा वर ती बसली होती. आत्ताच निघालेली. अंग दुधाळ, पारदर्शक, पंख ओले आणि एकमेकांना चिकटलेले. सावलीतल्या टाचणीचीच बांधणी, लांब आणि बारीक. पण या वेळी ना पट्टा असतो ना रंग. आमची असू शकत होती. शेजारच्या ओहोळातून आलेल्या नेहमीच्या जातीची असू शकत होती.

"चिमटा दिसतोय का?" मी विचारलं.

"शेपटी दगडाच्या आड आहे. नर आहे की मादी तेही कळत नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "अलगद उचलली तर भिंगाखाली दिसेल."

भिंग माझ्या गळ्यातच होतं. पण या वेळची टाचणी ओल्या कागदासारखी असते. चिमटीत धरली की पंख दुमडतात ते कायमचे, मग ती उडत नाही. पाहायला अर्धं मिनिट पुरलं असतं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

"नको," मी म्हणाले.

उज्ज्वलानं कॅमेरा खाली ठेवला. जरा सरकून तिनं मला बसायला दगड दिला.

वरून टाकीचं पाणी ओहोळात पडत होतं. खालच्या खाचरात हिराबाई आणि त्यांची सून लावणी करत होत्या, त्यांचं बोलणं तुटक तुटक वर येत होतं. टाचणीचे पंख हळूहळू सुटे झाले. ऊन पानांतून क्षणभर आत आलं तेव्हा ते चमकले. मग तिनं ते एकदा उघडून मिटले, पुन्हा उघडले, आणि ती उठली. वेडीवाकडी, खालीवर होत ती जांभळीच्या अंधाऱ्या फांद्यांत शिरली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही दोघी तिथेच बसून वर पाहत राहिलो.